प्रतिकारशक्तीचे नवे दैवत

नारायणगावच्या एस. टी. स्टँडवर गाडीची वाट पाहत उभे राहिले की वाचनाची सोय आपोआप होते. समोरच्या औषधांच्या दुकानावर पाटी असते, ‘प्रतिकारशक्ती वाढवा’. शेजारच्या रसाच्या गाड्यावर गुळवेल, आवळा आणि कोरफड यांच्या नावांखाली तेच दोन शब्द लिहिलेले असतात. चार पावले पुढे गेले की शेतीऔषधांचे दुकान लागते. तेथे टोमॅटोवर फवारायच्या टॉनिकच्या डब्यावरही तोच मंत्र! माणूस असो की टोमॅटोचे झाड, दोघांचे कल्याण आता एकाच शब्दात सामावले आहे. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या मुलखात देवांची वाण कधीच नव्हती. लेण्याद्रीला गणपती आहे, ओझरला विघ्नेश्वर आहे, घाटमाथ्यावर भीमाशंकर आहे. २०२० च्या महामारीनंतर त्यांच्या जोडीला हे एक नवे दैवत येऊन बसले. त्याचा नैवेद्य बाटलीत मिळतो आणि त्याच्या पुजाऱ्यांना शाळा-कॉलेज काही विचारावे लागत नाही.

ह्या दैवताशी माझे भांडण आहे. ते जाहीरपणे मांडावे, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथमच सांगून टाकतो की मी डॉक्टर नाही. आंबेगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात तीस वर्षे शास्त्र शिकवून मी निवृत्त झालो. शरीरातील पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, रोगजंतू म्हणजे शत्रू, आणि सैनिक जितके अधिक तितके राज्य सुरक्षित, हा धडा मी स्वतः फळ्यावर चित्रे काढून शेकडो मुलांना शिकवला आहे. तेव्हा आज ज्या चुकीवर मी तुटून पडणार आहे, तिच्या पेरणीत माझाही हात आहे. नुसता हातच नव्हे. त्या चुकीची किंमत माझ्या घरानेच मोजली आहे.

२००९ सालची गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा तेव्हा चोवीस वर्षांचा होता. जुन्नर तालुक्यात त्याची टोमॅटोची शेती. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याला चार दिवस हगवण लागली. घरात आणखी दोघांना लागली होती. विहिरीचे पाणी गढूळ झाले की असे व्हायचेच, म्हणून कोणी फारसे मनावर घेतले नाही. तो बराही झाला. दहा-बारा दिवसांनी एका सकाळी त्याने मला फोन केला. “मामा, तळपायाला मुंग्या आल्यात, आणि उठताना पायात जीवच नाही राहत.” दुसऱ्या दिवशी त्याला उंबरा ओलांडता येईना. गावाने निदान केले, अंगावरून वारे गेले. एका म्हातारीने देवऋषाकडे नेण्याचा आग्रह धरला. मी शास्त्राचा मास्तर! मी तिला गप्प केले आणि मोठ्या दिमाखात सांगितले, “हगवणीने अशक्तपणा आलाय. ताकदीचे सलाईन लावा, व्हिटॅमिनचे इंजेक्शन द्या; प्रतिकारशक्ती आली की उभा राहील.” जवळच्या एका डॉक्टरांनी तेच केले. लाल इंजेक्शन मिसळलेल्या सलाईनच्या बाटल्या चार दिवस चढत राहिल्या. प्रत्येक बाटलीबरोबर आम्हांला वाटे की ताकद चढते आहे. चढत होता तो लकवा. पायांतून मांड्यांत, मांड्यांतून हातांत. पाचव्या दिवशी त्याला एका दमात वीस आकडे मोजता येईनात. सात-आठवर श्वास संपे. मग जीप, मंचर, चाकणची कोंडी, आणि पुणे.

पुण्यातल्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, पाय हलला नाही. पाठीच्या कण्यातले पाणी काढून तपासले आणि रोगाचे नाव सांगितले, गुइयाँ-बारे. मी विचारले, “म्हणजे प्रतिकारशक्ती संपली ना, साहेब?” ते म्हणाले, “संपली असती तर हा रोग झालाच नसता. ह्याच्या मज्जातंतूंवर ह्याचीच प्रतिकारशक्ती तुटून पडली आहे.”

एकोणीस दिवस तो कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर होता. जमीन गहाण पडली. तो वाचला. आज तो चालतो, पण उजव्या पावलाला पट्टा बांधून. ते चार दिवस मी वाया घालवले नसते तर पट्टा लागला नसता, असे कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण ते चार दिवस माझे होते, आणि देवऋषाच्या गंड्यापेक्षा माझे सलाईन त्याला काडीइतकेही अधिक उपयोगी पडले नाही, हे मला पुरते ठाऊक आहे.

त्या दिवसापासून मी हा विषय धरला. जे कळले ते सांगतो.

१९१६ साली, पहिले महायुद्ध चालू असता, फ्रेंच लष्करातील गुइयाँ, बारे आणि स्ट्रोल ह्या तीन डॉक्टरांनी दोन सैनिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे हातपाय दुर्बळ झाले होते, गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया गेली होती, कण्यातल्या पाण्यात प्रथिन वाढले होते. आणि तरीही ते सुधारले. आज आपण जाणतो की हा रोग वर्षाला लाखामागे एक-दोघांना होतो, आणि सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना त्याआधीच्या काही आठवड्यांत पोटाचा किंवा श्वासमार्गाचा संसर्ग झालेला असतो. पोटाच्या बाबतीत मुख्य गुन्हेगार म्हणजे कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू. ह्या जंतूच्या अंगावरील आवरणात साखरेचे काही रेणू असे असतात की ते आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे हुबेहूब दिसतात. शरीर जंतूविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. जंतू मरतो, पण ती प्रतिद्रव्ये रक्तात हिंडत असतात, आणि मज्जातंतूवर तोच वेष पाहून त्यालाच जंतू समजून बसतात. हगवण बरी झाल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पाय का जातात, ह्याचे उत्तर ह्यात आहे. जंतूने नव्हे, त्याच्याशी झालेल्या लढाईने पाय जातात.

आता मला सांगा, अशा वेळी प्रतिकारशक्ती वाढवावयाची म्हणजे नेमके काय वाढवावयाचे? डॉक्टर काय करतात ते पाहा. हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्ये ते शिरेतून देतात. वजनाच्या दर किलोमागे दोन ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पाच दिवसांत एकशेवीस ग्रॅम. त्यांनी ही चवताळलेली फौज शांत होते. किंवा रक्तातला द्रव काढून, त्यातली घातक प्रतिद्रव्ये बाजूला करतात. मल्टिपल स्क्लेरॉसिस ह्या मेंदू-मणक्याच्या रोगात तर वर्षानुवर्षे प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे द्यावी लागतात. वैद्यक जिला लगाम घालते, तिलाच बाजार टाच मारतो! दोघांपैकी एक कोणीतरी चुकत असला पाहिजे.

हे सारे परदेशी पुस्तकातले वाटत असेल, तर आपल्याच मुलखातली एक आठवण काढा. कुत्रे चावले की पोटात चौदा इंजेक्शने, हे ज्यांनी भोगले ते आजही आपल्यात आहेत. ती लस डेव्हिड सेंपल ह्या डॉक्टरांनी १९११ साली कसौलीला सिद्ध केली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून तो कार्बोलिक आम्लाने मारायचा आणि ते मेंदूचेच द्रावण टोचायचे. त्या लसीने असंख्य जीव वाचवले. परंतु थोड्या जणांना कुत्र्याच्या विषाने नव्हे तर लसीनेच लकवा होई. कारण मेंढीच्या मेंदूतील मज्जाद्रव्य आणि माणसाचे मज्जाद्रव्य ह्यांत फारसा फरक नाही. एकावर उठलेले शरीर दुसऱ्यावरही उठे. १९३० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स यांनी निरोगी सशाच्या मेंदूचे द्रावण माकडांना पुन्हापुन्हा टोचून हीच गोष्ट सिद्ध केली. त्यात कोणताही जंतू नव्हता, तरीही माकडे लुळी पडली. आपल्या देशात ती जुनी लस २००५ च्या सुमारास बंद झाली. आजची लस पेशींच्या संवर्धनातून काढतात, तिच्यात मेंदूचा अंश नसतो आणि ती दंडात देतात. ती मुकाट्याने घ्यावी. माझ्या लेखाचा आधार घेऊन कोणी ती टाळली तर तो माझा नव्हे, त्याच्या अकलेचा दोष.

लसीचा विषय निघालाच आहे तर तोही निकालात काढू. “मास्तर, म्हणजे लशीच वाईट!” असे म्हणणारे एक गृहस्थ मला दर महिन्याला भेटतात. १९७६ साली अमेरिकेत डुकरांच्या फ्लूच्या भीतीने चार कोटींहून अधिक लोकांना लस टोचली, आणि त्यांत लाखामागे सुमारे एक ह्या प्रमाणात गुइयाँ-बारे अधिक आढळला. मोहीम तात्काळ थांबली. हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण फ्लूचा खुद्द आजारही हा रोग आणतो, आणि लसीपेक्षा अधिक प्रमाणात आणतो, हेही तितकेच खरे आहे. लस म्हणजे प्रतिकारशक्तीची सरसकट वाढ नव्हे. एका विशिष्ट शत्रूची तिला करून दिलेली ओळख होय. बाजारातल्या बाटलीला ओळख नाही, शत्रू नाही, मापही नाही. दोन्हींना एकच नाव देऊन त्यांचा घोळ घालणे हीच तर ह्या धंद्याची युक्ती आहे.

आता विषाणूंकडे वळू. पुण्याला १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. तेच आजचे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थान. २०२१ च्या जुलैत पुरंदर तालुक्यातील बेलसरला महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण सापडला. झिका म्हणजे डासाने पसरणारा, बहुधा साधा ताप आणणारा विषाणू. पण २०१३-१४ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात आणि नंतर ब्राझीलमध्ये त्याच्या साथीमागोमाग गुइयाँ-बारेचे रुग्ण वाढले होते. मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या बाबतीत संशय दुसऱ्यावर आहे. १९६४ साली एपस्टाइन, अकाँग आणि बार यांनी शोधलेला विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात आजन्म मुक्काम करून असतो. हार्वर्डच्या संशोधकांनी एक कोटीहून अधिक अमेरिकी सैनिकांची वीस वर्षांची माहिती तपासून २०२२ साली दाखवले की ह्या विषाणूचा संसर्ग झाल्यावर त्या रोगाचा धोका बत्तीस पटींनी वाढतो. इतर कोणत्याही विषाणूबाबत असे आढळले नाही.

परंतु येथे थांबून विचार केला पाहिजे. विषाणू जवळजवळ सर्वांच्या अंगात, आणि रोग लाखांत काहींना. हगवण घरात तिघांना, आणि पाय माझ्या एकट्या भाच्याचे गेले. मग बाकीच्यांचे काय? म्हणजे विषाणू किंवा जंतू ही ठिणगी असेल; पण ठिणगी पडते तेथे सगळीकडेच आग लागत नाही. जन्मतः मिळालेली ठेवण, संसर्ग कोणत्या वयात झाला, आणि शरीरातील आवर घालणाऱ्या पेशी किती जाग्या आहेत, ह्या साऱ्यांचा त्यात भाग असतो. होय, आवर घालणाऱ्या पेशी. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ साली दाखवून दिले की प्रतिकाराच्या पेशींमध्ये एक वर्ग असा आहे की ज्याचे काम लढणे नव्हे, लढणाऱ्यांना स्वकीयांपासून रोखणे हे आहे. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी पुढे त्या वर्गाची सूत्रे हलवणारा जनुक शोधला. २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक ह्या तिघांना मिळाले. म्हणजे संयम हा प्रतिकारशक्तीचा अर्धा भाग आहे, असे जगातले सर्वोच्च पारितोषिक सांगते. आमच्या स्टँडवरच्या पाटीवर त्या अर्ध्या भागाला जागा नाही.

येथे जीवनसत्त्ववाले पुढे सरसावतात. “मास्तर, तो संयम ‘ड’ जीवनसत्त्वानेच येतो!” ह्यात सत्याचा अंश आहे, म्हणून मी ते हसण्यावारी नेत नाही. ‘ड’ जीवनसत्त्व ह्या आवरणाऱ्या पेशींना साह्य करते, असे प्रयोगशाळेत दिसते. ज्यांच्या रक्तात ते कमी, त्यांच्यांत मल्टिपल स्क्लेरॉसिस अधिक, असे युरोप-अमेरिकेत वारंवार आढळले आहे. अमेरिकेत पंचवीस हजारांवर लोकांना पाच वर्षे रोज दोन हजार युनिट देऊन पाहिले, तेव्हा स्वयंघाती रोगांचे एकूण प्रमाण बावीस टक्क्यांनी घटले. तो निष्कर्षही २०२२ चाच. पण ते लोक पन्नाशीचे वा त्यापुढचे होते, आणि घटलेले रोग मुख्यतः सांध्यांचे व त्वचेचे. मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णांना नेहमीच्या औषधाबरोबर ‘ड’ चा मोठा डोस देऊन २०२३ साली अमेरिकेत पाहिले, लाभ दिसला नाही. २०२५ साली फ्रान्समधील प्रयोगात रोगाच्या अगदी आरंभी दिल्याने लाभ दिसला. म्हणजे प्रश्न अजून खुला आहे. खुल्या प्रश्नाची बंद बाटली करून विकणे ह्याला माझ्या शब्दकोशात एकच नाव आहे, आणि ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.

शिवाय आपल्या देशाचेच पाहा. भारतात उन्हाची ददात नाही. तरीही पाहणीमागून पाहणी सांगते की निम्म्याहून अधिक लोकांच्या रक्तात ‘ड’ कमी आहे. कातडीचा रंग, अंगभर कपडे, हवेतली धूळ आणि आहार ही त्याची कारणे. आता जर केवळ ह्या कमतरतेने मल्टिपल स्क्लेरॉसिस होत असता तर आपल्या गल्लीगल्लीत त्याचे रुग्ण असावयास हवे होते. प्रत्यक्षात इंग्लंडात तो लाखामागे दोनशेच्या घरात आहे, आणि आपल्याकडचे अंदाज लाखामागे दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी. आपल्याकडे निदान होत नाही म्हणून आकडा थोडा कमी दिसत असेल. पण एवढी दरी निदानाच्या अभावाने पडत नाही. एक संभाव्य कारण असे की एपस्टाइन-बार विषाणू आपल्या मुलांना पाळण्यातच गाठतो आणि गुपचूप वस्तीला राहतो. पाश्चात्य मुलांना तो तारुण्यात गाठतो आणि ताप-गाठींचे रूप घेतो. तेथे धोका वाढतो. तात्पर्य, विषाणू, जीवनसत्त्व आणि प्रतिकार ही एका दोरीचे तीन पदर आहेत. एक पदर उपसून ‘हाच तो दोर’ म्हणून नाचवणे हा अडाणीपणा होय.

मग जीवनसत्त्वे निरर्थक का? मुळीच नाही. ज्याच्या अंगात कमी आहे त्याला ती दिलीच पाहिजेत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता-बालकांचा जो अभ्यास चालवला, त्याने आणि त्यांच्या पुढील कामाने ‘ब-१२’ ची आपल्याकडची कमतरता जगापुढे आणली. पुणे परिसरातील प्रौढ पुरुषांत सुमारे दोन तृतीयांशांत हे जीवनसत्त्व कमी आढळले. आमच्या भागात माळकऱ्यांची घरे पुष्कळ. मांसमच्छी वर्ज्य, आणि दूध डेअरीला. त्यात मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीने आणि पित्ताच्या रोजच्या गोळीने ‘ब-१२’ आणखी घटते. ते घटले की हातापायांना मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू हळूहळू बिघडतो. आणि वेळीच दिले तर हे थांबते. येथे इंजेक्शन म्हणजे खरोखर औषध आहे. आणि गंमत पाहा, काही माणसांत ह्या कमतरतेचे मूळही स्वयंघातच असते. जठरातील ज्या द्रव्यामुळे ‘ब-१२’ शोषले जाते त्याच्यावरच शरीर हल्ला करते. अशा माणसाने शेरभर दूध प्याले तरी उपयोग थोडाच!

पण ‘कमी असेल त्याला द्या’ आणि ‘सर्वांना भरपूर द्या’ ह्यांत विहिरीत पोहरा सोडणे आणि विहिरीत उडी टाकणे इतका फरक आहे. ताकदीच्या गोळ्यांत जे ‘ब-६’ असते ते मोठ्या मात्रेत पुष्कळ दिवस घेतल्यास स्वतःच मज्जातंतू बिघडवते, हे १९८३ सालीच प्रसिद्ध झाले आहे. मुंग्यांवर म्हणून गोळी घ्यावी, आणि गोळीनेच मुंग्या याव्यात! ‘ड’ जीवनसत्त्व अतिरेकाने घेतले तर रक्तात कॅल्शियम साचून मूत्रपिंड बिघडते. आणि ज्या गुळवेलीला घराघरांत काढ्याचा मान मिळाला, तिच्या सेवनानंतर यकृताला सूज आल्याचे रुग्ण मुंबईच्या तज्ज्ञांनी २०२१ साली नोंदवले. त्यांतल्या काहींना आधीपासूनच स्वयंघाती विकार होते. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वनस्पतीची ओळख नीट पटवली नव्हती असे म्हटले. तो वाद विद्वानांनी मिटवावा. माझे म्हणणे इतकेच की जी वस्तू खरोखरच प्रतिकार चेतवते ती निरुपद्रवी असू शकत नाही, आणि जी निरुपद्रवी आहे ती बहुधा काही चेतवत नाही. विकणाऱ्याने दोहोंपैकी कोणते ते आधी ठरवावे.

आता ह्या लेखाचे जे खरे कारण, त्याकडे येतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात गुइयाँ-बारेची साथ उद्भवली. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी ह्या भागांत एकामागून एक रुग्ण निघाले. दोन महिन्यांत आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि काही माणसे दगावली. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला, नोरोव्हायरसही सापडला. संशयाचे बोट पाण्याकडे गेले, नांदेडच्या विहिरीकडे गेले. महानगराच्या हद्दीत आलेल्या गावांना शुद्ध पाणी देणे जमले नव्हते, ही त्या साथीची लाजिरवाणी कथा. आणि त्याच आठवड्यात आमच्या गावात काय झाले? माझ्या शेजाऱ्याने मुंबईच्या मुलाकडून प्रतिकारशक्तीच्या गोळ्यांचे दोन डबे मागवले. विहिरीत टीसीएल पावडर शेवटची कधी पडली, हे त्याने विचारले नाही. मी ग्रामपंचायतीत जाऊन विचारले, तेव्हा पावडरीचे पोते दाखवण्यात आले. ते तोंड उघडे टाकलेले, ओल धरलेले होते. अशा पावडरीतला क्लोरीन केव्हाच उडून गेलेला असतो. ती टाकणे म्हणजे पाण्याला भस्म लावणे!

मी म्हणतो, प्रतिकारशक्तीच्या गप्पा मारणाऱ्या गावाचा पहिला प्रतिकार त्याच्या विहिरीच्या काठावर असतो. जंतू पोटात गेलाच नाही तर शरीराने त्याचा वेष पाहून फसण्याचा प्रश्नच उरत नाही. नळाच्या शेवटच्या टोकाला दर लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असला म्हणजे झाले. ओ. टी. चाचणीच्या नळीत दोन थेंब टाकताच पिवळा रंग येतो की नाही, एवढे शाळेतले पोरही पाहू शकते. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज अशी धरणे उशाला घेऊन निजणाऱ्या ह्या दोन तालुक्यांत पिण्याचे पाणी शुद्ध नसावे, ह्याला दुष्काळ कारण नाही, आळस कारण आहे. कोंबड्यांच्या आतड्यांत हा जंतू सुखाने नांदतो. तेव्हा कोंबडखताचा ढीग विहिरीच्या उताराला घालू नये, आणि कोंबडी पुरती शिजवूनच खावी. ह्या गोष्टींची जाहिरात कोणी करीत नाही, कारण त्यांत कमिशन नाही.

माझ्यावर आक्षेप येईल की लाखांत एकाला होणाऱ्या रोगासाठी एवढा आरडाओरडा कशाला? उत्तर सोपे आहे. ते पाणी लाखांतला एकच पीत नाही. ज्या विहिरीने माझ्या भाच्याचे पाय घेतले तिने त्याच पावसाळ्यात शंभर पोरांना हगवण दिली असेल. तो एक लाखांतला एक म्हणून दिसला. शंभर दिसले नाहीत, इतकेच. आणि दुसरा आक्षेप असा की गोरगरीब माणूस आशेने चार गोळ्या घेतो, त्याची आशा का मारता? आशा मारीत नाही. तिच्या खिशाला पडलेले भोक दाखवतो. गोळ्यांच्या डब्याच्या पैशात ‘ब-१२’ ची तपासणी होते, आणि ती खरी माहिती देते.

शेवटी एक गोष्ट घरोघरी पाठ व्हावी, अशी माझी विनंती आहे. ताप किंवा हगवण होऊन गेल्यावर काही दिवसांनी दोन्ही पायांना मुंग्या आल्या, उठताना-जिना चढताना पाय देईनात, आणि ते दौर्बल्य वर वर सरकू लागले, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. उद्या नव्हे. देवऋषी नको, लाल सलाईन नको, गोळी नको, आणि माझ्यासारख्या मास्तराचा सल्ला तर मुळीच नको. वाटेत रुग्णाला एका दमात आकडे मोजायला लावावे. आकडे कमी होत चालले तर डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगावे. हा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत जितक्या लवकर होईल तितका चांगला.

भाचा अजून टोमॅटो लावतो. गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची मुलगी ओसरीवर बसून शास्त्राच्या पुस्तकातला धडा मोठ्याने वाचीत होती. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक. भाचा पट्टा सोडून पाय चोळीत होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, “मामा, हा धडा तुम्हीच शिकवला होता ना?” मी हो म्हटले. मग आम्ही दोघे उठून ग्रामपंचायतीत गेलो. त्या महिन्यात विहिरीत पावडर किती वेळा पडली, ह्याची नोंदवही मागितली. ती अजून मिळालेली नाही. मी मागत राहणार आहे.